दाबस्पंदांचे नियंत्रण आणि ध्वनिशास्त्र

नैसर्गिक वायू दूरवर वाहून नेणाऱ्या नळमार्गांवर ठिकठिकाणी काँप्रेसर बसवावे लागतात. दट्ट्याच्या काँप्रेसरातून वायू अखंड धारेने न निघता धक्क्याधक्क्याने निघतो, व प्रत्येक धक्क्यासरशी दाबाची लाट नळातून धावते. या दाबस्पंदांनी नळ थरथरतात, सांध्यांपाशी तडे जातात आणि ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. प्रश्न यंत्रशास्त्राचा खरा. परंतु त्याच्या उत्तराचा इतिहास ध्वनिशास्त्राच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नळ अधिक घट्ट जखडावा, हा उपाय कोणासही प्रथम सुचेल. तो आवश्यक असला तरी पुरा पडत नाही. कारण खरे मूळ अनेकदा अनुस्पंदनात असते. दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वायू दाबणारा काँप्रेसर मिनिटास 300 फेरे करीत असल्यास सेकंदास 10 मुख्य स्पंद उत्पन्न होतात. वायूतील ध्वनीचा वेग सेकंदास 400 मीटर धरला, तर एका टोकास बंद व दुसऱ्या टोकास मोठ्या पात्रात उघडणारा 10 मीटर लांबीचा नळ नेमका याच कंप्रतेस अनुस्पंदित होतो. त्याची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी भरते. कंठापासून ओठांपर्यंतचा मार्ग ही याच जातीची नळी होय. तिची लांबी सुमारे 17 सेंटिमीटर असल्याने पहिले अनुस्पंदन 500 कंपनांच्या आसपास येते. बोलणारास ते हवे असते, यंत्रज्ञास नको असते, एवढाच भेद.

नको असलेली कंपने अडविण्याची युक्ती मात्र टेलिफोनच्या तारांवरून आली. जॉर्ज कॅम्बेल यांनी विद्युत् छानक सिद्ध केल्यावर आयोवा विद्यापीठाचे जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट यांनी 1922 मध्ये तेच तत्त्व ध्वनीस लावले. अरुंद नळीतील वायूचे जडत्व म्हणजे वेटोळे, रुंद पात्रातील वायूची लवचिकता म्हणजे धारित्र. दोन पात्रे अरुंद नळीने जोडली की मंद स्पंद पार होतात, द्रुत स्पंद अडतात. काँप्रेसरजवळ आज दिसणारी स्पंदशामक पात्रे याच तत्त्वावर चालतात.

पुढील टप्पा विशेष मननीय आहे. 1950 मध्ये बेल प्रयोगशाळेतील एच. के. डन यांनी वेटोळी व धारित्रे यांची साखळी जोडून विद्युत् स्वरमार्ग उभा केला व त्यावर स्वरांची अनुस्पंदने तपासली. त्याच दशकात टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी सदर्न गॅस असोसिएशनसाठी संपूर्ण नळव्यवस्थेची अशीच विद्युत् प्रतिकृती रचली. नळ बसविण्यापूर्वीच त्याचे अनुस्पंदन मेजावर मोजता येऊ लागले, व दोष कागदावरच दुरुस्त होऊ लागला. ही सोय केवढी मोठी, हे तडा गेलेला नळ चालू केंद्रात बदलावा लागलेल्यासच विचारावे!

पुढे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या 618 क्रमांकाच्या मानकात अशा अभ्यासास नियमांचे स्वरूप आले. विद्युत् प्रतिकृतींची जागा संगणकाने घेतली आहे. तथापि संगणकास पुरवावयाची माहिती आजही नळीची लांबी, तिचा छेद व वायूतील ध्वनीचा वेग हीच असते.