फेफऱ्याची गोळी आणि मनाचा तोल

काही वर्षांपूर्वी जयपूरच्या आमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा प्रॅक्टिकल संपल्यावर मागे थांबला. हातात सोडियम व्हॅल्प्रोएटची पट्टी होती. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे मिळतात, तशाच एका खिडकीवरून आणलेली. निदान बायपोलर विकाराचे होते, पण मोबाइलवर शोधले तर औषध 'मिरगी'चे, म्हणजे फेफऱ्याचे निघाले. घरी कळले तर बहिणीचे लग्न जमणार नाही, या धास्तीने त्याने चार दिवस गोळी घेतलीच नव्हती. "सर, दुसऱ्याच रोगाची गोळी तर दिली नाही ना?" मी डॉक्टर नव्हे. त्याला डॉक्टरांकडे परत नेले. पण त्याच्या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे, ते या टिपणात पाहू.

त्याची धास्ती अगदीच खुळी नव्हती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या ५ व्या कलमात वेडाचे वारंवार येणारे झटके आणि अपस्मार एकाच पोटकलमात बसवले होते. अपस्मार तिथून निघाला तो १९९९ मध्ये. ही शेजारओळख जुनीच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात नववा अध्याय उन्मादाचा, दहावा अपस्माराचा, आणि उन्मादासाठी दिलेले कल्याणक घृत अपस्मारातही सांगितले आहे. (यावरून प्राचीनांना व्हॅल्प्रोएट ठाऊक होते, असा निष्कर्ष कृपया काढू नका.)

आता मूळ गोष्ट. व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ मध्ये बेव्हर्ली बर्टन यांनी तयार केले. पुढची ऐंशी वर्षे ते औषध नव्हतेच, दुसरे पदार्थ विरघळवायचा द्रव होता. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे पिएर आयमार हा संशोधक खेलिन या वनस्पतिजन्य द्रव्यापासून बनवलेली संयुगे तपासत होता. ती विरघळेनात, म्हणून त्याने हा द्रव घेतला. प्राण्यांना पेंटिलीनटेट्राझोल देऊन आकडी आणायची आणि संयुग ती थांबवते का ते पाहायचे, अशी चाचणी होती. सगळीच संयुगे आकडी थांबवू लागली, मात्रा कितीही असो! मग ज्याचा खेलिनशी संबंध नाही असा पदार्थ त्याच द्रवात विरघळवून दिला, तर तोही 'गुणकारी'. तेव्हा कुठे नुसता द्रव देऊन पाहिला. तुम्ही वहीत ब्लँक रीडिंग कंटाळून घेता ना, ते इथे सुरुवातीलाच घेतले असते तर खेलिनच्या संयुगांवर इतका वेळ गेला नसता.

गंमत अशी, की मनोविकारांवर उपाय म्हणून मुद्दाम आकडी आणण्यासाठी बुडापेस्टच्या मेडुनाने १९३४ पासून कापूर आणि नंतर हेच पेंटिलीनटेट्राझोल टोचले होते.

१९६६ मध्ये फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ पिएर लांबेर यांनी व्हॅल्प्रोएटच्या भावंडाचा, व्हॅल्प्रोमाइडचा, मूडवरील परिणाम नोंदवला. कार्बामॅझेपिनची वाट वेगळी. गायगी कंपनीत शिंडलर यांनी १९५३ मध्ये ते बनवले. रचनेने ते त्याच कंपनीच्या इमिप्रामिन या उदासीनतेवरील औषधाशी मिळतेजुळते. फेफऱ्याच्या रुग्णांचे मनही त्याने निवळते, असे जपानी डॉक्टरांच्या लक्षात आले. तिथे लिथियमला अजून मान्यता नव्हती, त्यामुळे ओकुमा यांनी हे औषध मॅनियात वापरले आणि १९७३ मध्ये निष्कर्ष छापले.

अमेरिकेत मात्र मॅनियासाठी व्हॅल्प्रोएटला मान्यता मिळाली १९९५ मध्ये. त्याआधीच्या वर्षी १७९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली होती. लक्षणे निम्म्याने तरी उतरलेले रुग्ण व्हॅल्प्रोएट गटात ४८ टक्के, लिथियम गटात ४९ टक्के, आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २५ टक्के होते. म्हणजे निम्म्यांहून थोड्या अधिकांना या औषधानेही तेवढा आराम पडला नाही, हेही वाचा.

फेफऱ्यात मेंदूतील विद्युतलहरी बेफाम होतात, मॅनियातही तसेच काही होत असेल, म्हणून एकच फिल्टर दोन्हीकडे चालतो, हे स्पष्टीकरण आपल्या शाखेच्या माणसाला लगेच पटते. रॉबर्ट पोस्ट यांनी अशीच एक देखणी कल्पना मांडली होती. पण फेफऱ्यावरच चालणारी गॅबापेंटिन आणि टोपिरामेट मॅनियाच्या चाचण्यांत नापास झाली. सिद्धान्त मागून आले आणि अर्धेच लागू पडले. औषध निवडले ते चाचणीने. पाकिटावर लिहिलेला पहिला रोग म्हणजे औषधाची जन्मनोंद, घेणाऱ्याचे निदान नव्हे.

एक गोष्ट मुलींनी विशेष लक्षात ठेवावी. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहू शकते, हे १९८२ मध्येच फ्रान्समधील लियाँ येथून कळले होते. पुढे बाळाच्या बौद्धिक वाढीवरचा परिणामही दिसला. मूल होण्याच्या वयात ही गोळी लिहून दिली, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पण आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका.

त्या मुलाच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात आईलाही बोलावले. अर्धा तास आत बोलणे चालले होते, मी बाहेर बाकावर बसून होतो. बाहेर आल्यावर आईने मला एवढेच विचारले, "गोळी जेवणाआधी की नंतर, तुमच्या लक्षात आहे का?"