मोटार, बैल आणि कुऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९०७ सालच्या ३१ जानेवारीला पॅरिसच्या ‘ल मातँ’ या वर्तमानपत्रानं एक आव्हान छापलं. हाताशी मोटार असली की माणूस काहीही करू शकतो, कुठंही जाऊ शकतो, असा त्या मजकुराचा सूर होता. तेव्हा या उन्हाळ्यात पॅरिस आणि पेकिंग यांच्यामधलं अंतर मोटारीनं तोडायला कोण तयार आहे, असा सवाल त्यांनी केला होता. मोटार तेव्हा पोरवयातच होती. बेंझनं आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं त्याला जेमतेम एकवीस वर्षं झाली होती. आणि वाटेत काय काय होतं? चीनच्या उत्तरेचे डोंगर, गोबीचं वाळवंट, सैबेरियाची दलदल आणि उरल पर्वत. पेट्रोल पंप सोडाच, पुष्कळ ठिकाणी रस्ता म्हणावा असं काहीच नव्हतं.

नावं बऱ्याच जणांनी दिली. प्रत्यक्षात १० जून १९०७ रोजी सकाळी पेकिंगच्या फ्रेंच वकिलातीच्या आवारातून निघाल्या त्या पाच गाड्या. दोन द दियाँ-बुताँ कंपनीच्या, एक हॉलंडची स्पायकर, एक काँताल नावाची तीनचाकी आणि एक इटलीची धिप्पाड ‘इताला’. इताला घेऊन आला होता प्रिन्स शिपिओने बोर्गेझे. त्याच्याबरोबर एत्तोरे गुइझार्दी हा मेकॅनिक आणि लुइजी बार्झिनी हा पत्रकार होता. बार्झिनीनं पुढं या प्रवासावर जाडजूड पुस्तक लिहिलं. बक्षीस होतं शँपेनची एक मोठी बाटली!

कोण पहिला आला ते आताच सांगून टाकतो, म्हणजे उत्सुकता मध्ये लुडबुडणार नाही. बोर्गेझे १० ऑगस्टला, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी, पॅरिसला पोचला. बाकीचे वीस दिवसांनी आले. मला स्वतःला या शर्यतीतली चुरस फारशी महत्त्वाची वाटत नाही. कारण पहिल्या काही दिवसांतच बोर्गेझे इतका पुढं गेला की चुरस अशी उरलीच नाही. मी ही हकिकत पुन्हा पुन्हा वाचतो ती एका वेगळ्या प्रश्नासाठी. गाडी अडली तेव्हा ती काढली कुणी?

सुरुवातच पाहा. मोटारींची ही शर्यत पहिले काही दिवस मोटारींनी केलीच नाही. पेकिंगहून कालगानपर्यंतची वाट डोंगरातली, खडकाळ आणि अरुंद. बोर्गेझे हा शिस्तीचा माणूस. गाडीच्या रुंदीइतकी काठी बरोबर घेऊन तो आधीच घोड्यावरून ही वाट तपासून आला होता. जिथं काठी अडेल तिथं गाडी अडणार, इतका साधा हिशेब. त्यामुळं वजन कमी करण्यासाठी गाडीचा वरचा सांगाडा उतरवला गेला आणि उरलेल्या गाडीला दोर बांधून चिनी मजुरांनी आणि खेचरांनी ती ओढून नेली. चढावर ओढायची आणि उतारावर तेच दोर मागं ताणून धरायची. मुकादमानं हाळी द्यायची आणि सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. आपल्याकडं जड धोंडा किंवा तुळई हलवताना जसं चालतं, तसंच. ‘कुठंही जाऊ शकणारं’ यंत्र चीनच्या भिंतीपलीकडं गेलं ते असं, माणसांच्या खांद्यांवरच्या दोरानं.

आपल्या बाजूलाही हे घडलं आहे. १९३१ साली जॉर्ज-मारी हार्द याच्या नेतृत्वाखाली सित्रोएन कंपनीची मोहीम श्रीनगरहून गिलगिटकडं निघाली. मागं चाकांऐवजी रबरी पट्टे असलेल्या दोन गाड्या हिमालय ओलांडून नेण्याचा तो प्रयत्न होता. कडा ढासळून जिथं वाट उरली नव्हती तिथं गाड्या खोलून, त्यांचे भाग ओझी करून हमालांनी वाहून नेले. गाड्या गिलगिटला पोचल्या खऱ्या, पण तिथंच राहिल्या आणि मंडळी घोड्यांवर बसून पुढं गेली.

पण आपण १९०७ मध्ये होतो. कालगानच्या पुढं पठार लागलं, मजूर परत गेले आणि मोटारी पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर धावू लागल्या. गोबीत त्यांना सोबत होती ती तारेच्या खांबांची. पेट्रोलचे साठे उंटांच्या तांड्यांनी आधीच ठिकठिकाणी नेऊन ठेवले होते. म्हणजे इथंही मोटारीच्या पुढं उंट गेलेला होता! वाळवंटातल्या पाँग-किआँग या एकाकी तार कचेरीत बार्झिनी आपली बातमी पाठवायला गेला, तर त्याच्या तारेच्या कागदावर क्रमांक पडला ‘एक’. कचेरी उघडून सहा वर्षं झाली होती आणि तिथून तार करणारा हा पहिलाच गिऱ्हाईक होता.

याच गोबीत या मोहिमेतला सगळ्यांत काळा प्रसंग घडला, आणि त्याविषयी मला थोडं अधिक बोलायचं आहे. काँताल ही तीनचाकी अवघ्या सहा अश्वशक्तीची होती. ती चालवणारा ओग्युस्त पाँस हा हौशी आणि हट्टी माणूस. खाचखळग्यांत ती पहिल्यापासूनच मागं पडत होती. एकमेकांना मदत करायची असं निघताना ठरलेलं होतं, पण वाळवंटात पाँस दिसेनासा झाला तेव्हा बाकीचे थांबले नाहीत. कुणाला वाटलं तो मागं वळला असेल, कुणाला वाटलं दुसरा कुणी त्याच्यासाठी थांबला असेल. प्रत्यक्षात पाँसचं पेट्रोल संपलं होतं. तो आणि त्याचा सोबती फूको उन्हात पायी निघाले. पाणी नाही, सावली नाही. मरणाच्या दारातून त्यांना परत आणलं ते वाटेनं जाणाऱ्या मंगोल भटक्यांनी. गाडी वाळवंटातच राहिली. या भटक्यांपैकी एकाचंही नाव इतिहासात नाही. वाचलेल्या पाँसचं आहे, आणि त्याच्या मुलीचंही. लिली पाँस ही पुढं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची नामवंत गायिका झाली.

उर्गा, म्हणजे आजचं उलानबातर, सोडल्यावर इताला दलदलीत रुतली. चाकं फिरवावीत तर ती आणखी खोल जात. ज्यानं चिखलात गाडी चालवली आहे त्याला हे सांगायला नको. जोर दिला की चाक आपल्याच हातानं आपला खड्डा खणतं. शेवटी आसपासच्या लोकांनी फळ्या आणल्या, बैल जुंपले आणि गाडी बाहेर काढली. पुढं इरो नदी लागली तेव्हा इंजिनवर नदी ओलांडायचा विचारच कुणी केला नाही. गाडीचा मॅग्नेटो काढून घेतला आणि पुन्हा बैलांनीच गाडी पाण्यातून ओढली.

हा मॅग्नेटो म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढं त्याचं काम आहे. इंजिनात पेट्रोलची वाफ पेटायला ठिणगी लागते. लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं यांच्या फिरण्यातून ही ठिणगी जो तयार करतो तो मॅग्नेटो. सायकलच्या डायनॅमोचा थोरला भाऊ म्हणा. त्यात पाणी शिरलं की ठिणगी गेली, आणि ठिणगी गेली की ती मोटार नव्हे, नुसतं लोखंड.

बैकल सरोवराच्या काठी वेगळीच अडचण उभी राहिली. तिथं पूर्वी चांगला टपालरस्ता होता. पण १९०४ साली सरोवराला वळसा घालणारा रेल्वेमार्ग पुरा झाला आणि रस्त्याकडं कुणी पाहीनासं झालं. लाकडी पूल कुजले, काही वाहून गेले. म्हणून बोर्गेझेनं सरकारी परवानगी मिळवून गाडी चक्क सैबेरियाच्या रेल्वेमार्गावरून हाकली. एका बाजूची चाकं दोन रुळांच्या मध्ये, दुसऱ्या बाजूची रुळाबाहेर, आणि प्रत्येक स्लीपरवर एक दणका. त्या दणक्यांनी माणसांच्या हाडांचं जे झालं असेल ते असो, चाकांचं काय झालं ते आपण पाहणारच आहोत.

याच भागात एका जुन्या लाकडी पुलावर गाडी चढली आणि फळ्या कडाकडा मोडल्या. मागचा भाग जड, तो आधी खाली गेला. गाडी मागच्या मागं कलंडून तोंड वर करून उभी राहिली. तिघंही वाचले. बार्झिनीला चांगलाच मार बसला, पण जीव वाचला. आणि मग आले रेल्वेमार्गावर काम करणारे मजूर. हातात कुऱ्हाडी, दोर आणि तुळया. रुळावरून घसरलेलं वजन कसं उचलायचं, तुळई कुठं घालायची, दोर कुठून ताणायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. काही तासांत त्यांनी गाडी वर काढली. एत्तोरेनं हँडल मारलं आणि इंजिन लगेच सुरू झालं. इतालाच्या कारागिरांना याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र ज्या रेल्वेनं तो रस्ता मारला, तिचीच माणसं मोटारीला तारायला आली, ही गंमत मला विसरता येत नाही.

एत्तोरेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचे वडील रेल्वे इंजिनचे ड्रायव्हर होते आणि बोर्गेझेच्या जमिनीजवळ झालेल्या अपघातात ते गेले. जखमी झालेल्या या पोराला प्रिन्सनं ठेवून घेतलं आणि यंत्राचं काम शिकू दिलं. मुक्कामी बाकीचे जेवायला किंवा झोपायला गेले की हा गाडीखाली उताणा पडून एकेक भाग न्याहाळत असे. पुढं बिघडणार काय, ते आदल्या रात्री पाहून ठेवणारा मेकॅनिक मिळणं हे बोर्गेझेचं खरं भाग्य होतं.

तरीही पर्म शहरापाशी एत्तोरेचाही इलाज खुंटला. त्या काळी मोटारीची चाकं लाकडी असत. रेल्वेच्या स्लीपरवरचे दणके आणि उन्हाळ्याचा कोरडेपणा यांनी एका चाकाचे आरे खिळखिळे झाले होते. काय केलं असेल? कामा नदीवरच्या स्नानगृहात ते चाक पाण्यात भिजत घातलं! हे वाचून मी हसलो नाही, कारण माझ्या लहानपणी गावच्या डोहात बैलगाडीची चाकं अशी बुडवून ठेवलेली मी पाहिली आहेत. वैशाखात लाकूड आटतं, तुंब्यात बसवलेले आरे सैल होतात, धाव निसटायला लागते. मग चाक काढून पाण्यात टाकायचं. लाकूड फुगतं आणि सांधे आवळून बसतात. इटलीच्या यंत्रविद्येला शेवटी गाडीवानाचं हे शहाणपण कामी आलं.

पण तेही तात्पुरतं ठरलं. पर्म सोडल्यावर चाक मोडलंच. नवं चाक मागवायचं म्हणजे इटलीहून, आणि तोवर आठवडे जाणार. तिथल्या माणसांनी सांगितलं की जवळच चाकं करणारा एक सुतार आहे. म्हातारा, दाढीवाला, आणि हत्यार म्हणून मुख्यतः एक कुऱ्हाड. त्यानं मोडलेलं चाक पाहिलं, लाकूड घेतलं आणि कुऱ्हाडीनं तासून नवे आरे बसवून दिले. मोटार त्यानं याआधी कधी बनवली नव्हती, चाकं मात्र जन्मभर बनवली होती. ते चाक घालून सात लिटरहून मोठ्या इंजिनाची ती गाडी पुढं धावली. आपल्याकडच्या जुन्या सुतारांच्या हातात वाकस असा चालायचा की मापपट्टी लागायची नाही. त्यांतल्या कुणालाही हे काम जमलं असतं असं मला वाटतं.

मागं राहिलेल्यांपैकी स्पायकर चालवणारा शार्ल गोदार हा मात्र वेगळाच नमुना. खिशात पैसा नाही, पण आत्मविश्वास अफाट. गोबीत त्याचंही पेट्रोल संपलं होतं आणि ते मिळेपर्यंत तो वाळवंटात अडकून पडला होता. सैबेरियात त्याचा मॅग्नेटो बिघडला. आता हा भाग कुऱ्हाडीनं होण्यातला नव्हता. रेल्वेनं तोम्स्कला जाऊन तिथल्या तंत्रविद्यालयात त्यानं तो दुरुस्त करून घेतला. मग हा गृहस्थ पुढं निघून जाऊ शकला असता, पण गाडी जिथं बंद पडली होती तिथं तो परत गेला आणि तिथूनच पुन्हा चालवत निघाला. रात्रंदिवस गाडी हाकून त्यानं द दियाँ-बुताँच्या जोडीला गाठलं. उसनवारी आणि लबाडीच्या आरोपाखाली जर्मनीत त्याला पकडलं आणि स्पायकर ३० ऑगस्टला पॅरिसमध्ये शिरली ती दुसऱ्याच ड्रायव्हरच्या हाती. उसने पैसे बुडवणाऱ्या या माणसानं न तोडलेला एक मैलही तोडला असं दाखवलं नाही, म्हणून तो मला थोडा आवडतो.

इताला आज तुरीनच्या मोटार संग्रहालयात आहे. पाँसची काँताल गोबीतच राहिली. आणि पाँस? १९०८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेल्या आणखी अचाट शर्यतीत तो पुन्हा उभा होता, या वेळी एका सिलिंडरच्या सिझेर-नोदाँ गाडीसह. पहिल्याच टप्प्यात त्या गाडीचा डिफरन्शियल तुटला आणि तो घरी परतला.