लव्हबर्डचे पिल्लू माणसाळवणे

लव्हबर्डचे पिल्लू माणसाळवणे म्हणजे स्वतंत्रपणे खाऊ लागलेल्या लहान लव्हबर्डला माणसाच्या सहवासाची, हाताची व आवाजाची टप्प्याटप्प्याने सवय लावणे. ठाणे, कल्याण व डोंबिवली या दाट वस्तीच्या शहरांत सदनिकेत पाळता येणारा पक्षी म्हणून लव्हबर्डला पसंती मिळते.

नाव व ओळख

लव्हबर्ड हे पोपटकुळातील ॲगापॉर्निस या प्रजातीतील पक्षी होत. ‘प्रेम’ व ‘पक्षी’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले. या प्रजातीत ९ जाती असून आठ आफ्रिका खंडात व एक मादागास्कर बेटावर आढळते. पक्ष्याची लांबी साधारण १३ ते १७ सेंटिमीटर व वजन ४० ते ६० ग्रॅम असते. योग्य निगा राखल्यास तो १० ते १५ वर्षे जगतो.

महाराष्ट्रात बोलीभाषेत ‘लव्हबर्ड’ हे नाव बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर या पक्ष्याला दिले जाते. बजरीगर सडपातळ व लांब शेपटीचा असतो, तर खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, ठेंगणा व मोठ्या चोचीचा असतो. लव्हबर्डचा चावा अधिक जोरकस असल्याने खरेदीपूर्वी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

योग्य वय

अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लू सुमारे सहा आठवड्यांनी घरटे सोडते व आठव्या आठवड्याच्या सुमारास स्वतः दाणे फोडून खाऊ लागते. त्यानंतरच त्याला आईबापांपासून वेगळे करणे हितावह असते. ‘हाताने भरवले तरच पक्षी माणसाळतो’ या समजुतीपोटी पिसे न फुटलेली पिल्लेही विकली जातात. अननुभवी व्यक्तीने भरवताना पातळ अन्न श्वासनलिकेत गेल्यास पिल्लू दगावते. अन्न अधिक गरम असल्यास अन्नपिशवी भाजते. स्वतः खाणारे पिल्लूही नियमित सहवासाने उत्तम माणसाळते. पीचफेस जातीच्या लहान पिल्लांत वरच्या चोचीच्या मुळाशी काळसर छटा असते व चेहऱ्याचा रंग फिका असतो.

माणसाळवण्याची पद्धत

पहिले तीन-चार दिवस पिल्लाला पिंजऱ्यात स्थिरावू द्यावे. या काळात जवळ बसून हळू आवाजात बोलावे. पुढे गजांमधून राळ्याचे कणीस धरावे. पक्षी ते निर्धास्तपणे खाऊ लागल्यावर उघड्या तळहातावर दाणे ठेवून हात पिंजऱ्यात स्थिर धरावा. त्यानंतर पोटाच्या खालच्या भागाशी बोट अलगद टेकवल्यास पक्षी त्यावर चढतो. दिवसातून दोनदा १० ते १५ मिनिटांचा सराव पुरेसा असतो.

पिसे अंगाशी घट्ट आवळणे व चोच उघडून पुढे झेपावणे ही भीतीची वा रागाची चिन्हे होत. अशा वेळी हात सावकाश मागे घ्यावा. पिसे सैल सोडून चोच घासणे हे समाधानाचे, तर मान खाली झुकवणे हे खाजवून घेण्याच्या इच्छेचे लक्षण मानले जाते. चावल्यास ओरडू वा मारू नये. पक्ष्याला मुठीत पकडल्यास आठवड्यांचा विश्वास क्षणात नाहीसा होतो. वयात येताना विशेषतः मादी पिंजऱ्यावर हक्क सांगू लागते. तिला आधी बाहेर येऊ देऊन मग हाताळावे.

जोडी की एकटा पक्षी

जोडीतील पक्षी प्रामुख्याने एकमेकांशी बांधले जातात. एकटा पक्षी माणसाशी अधिक जवळीक साधतो; मात्र त्याला रोज काही तास सहवास द्यावा लागतो. सकाळच्या लोकलने मुंबई गाठून रात्री परतणाऱ्या कुटुंबाने एकटा पक्षी दिवसभर बंद घरात ठेवल्यास तो सतत ओरडतो किंवा स्वतःची पिसे उपटतो. अशा घरांसाठी जोडी अधिक योग्य ठरते. जोडीदार मरण पावल्यास दुसरा पक्षीही मरतोच, ही समजूत निराधार आहे.

आहार व घरातील धोके

राळे, वरी, बाजरी, मोड आलेली कडधान्ये, गाजर, पालक व कोथिंबीर हा चांगला आहार होय. सूर्यफुलाच्या बिया मोजक्याच द्याव्यात. कॅल्शियमसाठी समुद्रफेस ठेवतात. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी व कांदा विषारी ठरतात. छताचा चालू पंखा, जाळी नसलेली खिडकी, पाण्याने भरलेली उघडी बादली व अतितप्त नॉनस्टिक भांड्याची वाफ यांमुळे मृत्यू ओढवू शकतो. पावसाळ्यातील दमट हवेत दाण्यांना बुरशी लागते, म्हणून ते कोरड्या डब्यात ठेवावेत. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पक्षी बिथरतो; तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत हलवावा.

कायदेशीर बाजू

परदेशी पक्षी पाळण्यास बंदी नाही. मात्र पीचफेस वगळता लव्हबर्डच्या अन्य जाती आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या सूचीत असल्याने २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करावी लागते. येऊरच्या डोंगरात व शहरांतील झाडांवर दिसणारे देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. पाळलेला लव्हबर्ड ‘मुक्त करणे’ हीदेखील भूतदया नव्हे. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर कावळे, मांजरे व उपासमार यांना सहज बळी पडतो. सांभाळणे अशक्य झाल्यास तो अनुभवी पक्षीपालकाकडे सोपवणे योग्य ठरते.