मागच्या काचेचे भांडण

मोटारींच्या इतिहासात मला यंत्रांपेक्षा माणसांची भांडणे अधिक गोडीची वाटतात. आणि कॉर्व्हेट या अमेरिकन गाडीच्या घरात त्यांना तोटा नाही.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने ती लोकांपुढे ठेवली. रूप हार्ले अर्लच्या देखरेखीखाली घडलेले. पत्र्याऐवजी काचतंतूंचे अंग, रंग पांढराशुभ्र, आत तांबडी बैठक; लोक भुलले. पण त्याखाली सहा सिलिंडरांचे साधे एंजिन आणि दोनच वेगांचा गिअर! वरून किनखाप, आत गोणपाट. पहिल्या वर्षी ३०० गाड्या झाल्या. १९५४ च्या साडेतीन हजारांवर गाड्यांपैकी कितीतरी पडून राहिल्या, आणि १९५५ साली निघाल्या अवघ्या ७००.

त्या प्रदर्शनातच ती पाहून झोरा आर्कस-डुन्टॉव्ह हा ब्रुसेल्समध्ये जन्मलेला, रशियन आईबापांचा अभियंता तिच्या प्रेमात पडला आणि त्याच वर्षी कंपनीत दाखल झाला. १९५५ मध्ये आठ सिलिंडरांचे एंजिन आले. त्याला धार लावली ती याने.

खरा सामना रंगला १९६३ च्या ‘स्टिंग रे’वरून. अर्लच्या गादीवर आलेल्या बिल मिचेलला गाडीच्या पाठीवरून माशाच्या कण्यासारखी एक रेघ हवी होती. ती मागच्या काचेच्या मधोमध उतरली आणि काचेचे दोन तुकडे झाले. डुन्टॉव्ह म्हणे, चालवणाऱ्याला मागचे दिसत नाही! मिचेल हटेना. १९६३ साली त्याचेच खरे झाले. १९६४ मध्ये मात्र काच अखंड झाली. माझे मत विचाराल तर डोळ्यांनी मी मिचेलच्या बाजूचा, पण गाडी मला चालवायची असती तर डुन्टॉव्हच्या. काही मालकांनी मधला दांडा कापून नवी काच बसवून घेतली; आज संग्राहक त्याच दांड्यासाठी भरमसाट पैसे मोजतात!

१९६८ साली गाडीने शार्क माशाचे अंग घेतले. एंजिन मात्र पुढेच राहिले. ते चालकाच्या पाठीमागे असावे, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर भार येऊन पकड वाढेल, हा डुन्टॉव्हचा आग्रह. तशी प्रयोगाची गाडी त्याने १९६० सालीच दाखवली होती. विक्रीची गाडी तशी काही झाली नाही. १९७५ मध्ये तो निवृत्त झाला, १९९६ मध्ये वारला.

तशी कॉर्व्हेट जुलै २०१९ मध्ये लोकांपुढे आली. एंजिन पाठीशी असल्यामुळे मागचे दिसणे पुन्हा अवघडच. म्हणून तिच्यात कॅमेऱ्याचा आरसाही मिळतो.