सुताचे जाळे, नायलॉनचे जाळे

बुलढाणा जिल्हा म्हटले की कापूस आठवतो, लोणारचे विवर आठवते, शेगाव आणि सिंदखेड राजा आठवतात. मासेमारीच्या इतिहासासाठी मात्र कोणीही कोकणाकडेच धाव घेईल. आम्हीही घेतली असती. पण काही वर्षांपूर्वी पाण्याचे नमुने गोळा करायला मेहकर तालुक्यात पैनगंगेकाठच्या एका गावी गेलो असताना, एका वृद्ध भोई गृहस्थांच्या ओसरीवर दोन वस्तू पाहिल्या. एक होती जाळे विणायची बांबूची सुई, टोकाला निमुळती, मध्ये धागा गुंडाळायला जीभ ठेवलेली. दुसरी नुसती बांबूची पट्टी, दोन्ही कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. हा लेख त्या पट्टीमुळे सुचला.

आधी भूगोल पाहू. हा जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर बसला आहे. उत्तरेकडच्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या पूर्णेला मिळून तापीकडे जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा आणि देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा यांचे पाणी गोदावरीत जाते. म्हणजे एकाच जिल्ह्याचे अर्धे पाणी अरबी समुद्रात, अर्धे बंगालच्या उपसागरात. नद्या पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या. मासेमारी असे ती या डोहांत आणि सिंदखेड राजाच्या मोती तलावासारख्या जुन्या तळ्यांत. मरळ, वाम असे मासे, आणि साधने हाताने पेलतील एवढीच: फेकजाळे, बांबूचे सापळे, दोर लावलेले गळ. भोई समाजाचे पोट एकट्या माशावर कधीच नव्हते. पालखी-मेणे वाहणे, तळ्यात शिंगाडे लावणे ही कामेही त्यांचीच. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, मागोमाग सडका आल्या आणि पालखीचे काम हळूहळू संपले. जाळ्यावरचा भार तेवढाच वाढला.

जाळे कशाचे? सुताचे. कापसाच्या प्रदेशात दुसरे कशाचे असणार? जाड दोऱ्यांसाठी अंबाडी आणि ताग, बारीक कामाला सूत. सूत आठवडी बाजारात वजनावर मिळे. ते घरी पीळ देऊन दुहेरी-तिहेरी करायचे, आणि मग पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी विणायला बसायचे. म्हणजे जाळे विकत मिळतच नव्हते. विकत मिळायचा तो धागा.

सुताचा शत्रू पाणी नव्हे, पाण्यातले जीवाणू. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ओल्या सुतावर जीवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांची विकरे सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतात, आणि धागा बाहेरून धड दिसत असतानाच हाताच्या झटक्याने तुटतो. गंमत अशी, की कोरड्यापेक्षा ओले सूत अधिक मजबूत असते. म्हणजे पाण्यात वापरायला सूत उत्तम, आणि पाण्यातच राहू द्यायला सर्वांत वाईट. म्हणून रोज जाळे धुवायचे, रोज उन्हात वाळवायचे. आमचे वृद्ध यजमान म्हणाले, "सुताचं जाळं म्हंजे लेकरू होतं भाऊ; रोज पाह्यलं नाही तं हातचं जाये."

दुसरा उपाय सालीचा. टॅनिन असलेली झाडाची साल पाण्यात उकळायची आणि त्या लालसर काढ्यात जाळे बुडवून ठेवायचे. चामडे कमावताना जे होते त्याच जातीचे हे रसायन: टॅनिन जीवाणूंच्या प्रथिनांना, म्हणजेच त्या विकरांना, बांधून निकामी करते. बाभूळ आणि ऐन यांच्या साली टॅनिनने भरलेल्या असतात. हे ज्ञान केवळ आपल्याकडचे नव्हते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे कोळी आधी ओकची साल वापरत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ती सोडून आपल्या खैराचा कात घेतला. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून कात जहाजाने जायचा आणि तिकडच्या बंदरांत मोठ्या कढयांत उकळून जाळी व शिडे त्यात रंगवली जायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या खैराचा आणि उत्तर समुद्रातल्या हेरिंग माशाचा असा संबंध असेल, हे पान खाणाऱ्याच्या डोक्यात येणे कठीण.

विणण्याचे यंत्रही तिकडेच आले. स्कॉटलंडमध्ये मसलबरा गावी जेम्स पॅटरसन याने 1820 च्या सुमारास जाळे विणणारा माग बनवला. गळांची गोष्ट निराळी नाही. इंग्लंडमधले रेडिच हे गाव मूळ शिवणाच्या सुयांचे. सुईची तार वाकवली, टोकाला काटा काढला, पोलादाला पाणी दिले की गळ होतो. पुढे नॉर्वेतल्या मुस्ताद कंपनीने 1877 पासून गळ यंत्रावर काढायला सुरुवात केली आणि ते जगभरच्या बाजारांत पोचले.

आता धाग्याकडे परत. 28 फेब्रुवारी 1935 रोजी अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केले. 1938 मध्ये ते जगासमोर आले. पहिला मान दातांच्या ब्रशाला, मग बायकांच्या मोज्यांना, मग युद्धात हवाई छत्र्यांना. युद्ध संपल्यावर हा धागा मासेमारीकडे वळला. त्याच सुमारास जर्मनीत पॉल श्लाक यांनी नायलॉनचा दुसरा प्रकार, नायलॉन 6, बनवला होता. जाळ्यांत पुढे त्याचाच वापर फार झाला. जीवाणूंना नायलॉन खाता येत नाही. निसर्गात ही साखळी कधी नव्हतीच, तेव्हा ती तोडणारे विकर सहज कोठून मिळणार?

भारतात 1957 साली कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली. कृत्रिम धागे तपासून ते मच्छीमारांपर्यंत पोचवणे हे तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. साठच्या दशकात देशात नायलॉनचा धागा बनू लागला. 1976 मध्ये पुण्याजवळ गरवारे वॉल रोप्स ही कंपनी स्थापन झाली (2018 पासून तिचे नाव गरवारे टेक्निकल फायबर्स) आणि दोर व तयार जाळी हाच तिचा मुख्य धंदा झाला.

पण एवढ्यावरून बुलढाण्याच्या भोयाने सूत टाकले असते असे आम्हांला वाटत नाही. डोहात फेकजाळे टाकणाऱ्याला सूत पुरत होते. त्याला नायलॉन लागले ते धरणामुळे. साठच्या दशकात मोताळा तालुक्यात नळगंगेवर धरण झाले. मागून पैनगंगेवर पेनटाकळी आणि खडकपूर्णेवर संत चोखासागर. गुडघाभर पाण्याऐवजी कित्येक पुरुष खोल, विस्तीर्ण पाणी समोर आले. तेथे फेकजाळे काय करणार? तेथे लागते ते पाण्यात भिंतीसारखे उभे टांगायचे लांब जाळे, ज्यात मासा डोके घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. असे जाळे रात्रभर पाण्यात राहते. सुताचे असते तर एका हंगामातच कुजले असते.

मासाही बदलला. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या पुरात अंडी घालतात, धरणाच्या साचलेल्या पाण्यात सहसा नाही. म्हणून बीज तयार करून, बोटाएवढे वाढवून, ती बोटुकली दरवर्षी धरणात सोडावी लागते. ठेका मच्छीमार सहकारी संस्थेचा, बोटुकलीचा खर्च संस्थेचा. पूर्वी नदी देईल ते घ्यायचे. आता आधी पेरायचे, मग काढायचे.

धरण, नवा मासा, नायलॉन आणि दुकान ही साखळी आपल्याकडेच जुळली असे नाही. अमेरिकेत 1933 नंतर टेनेसी खोऱ्यात धरणांमागून धरणे बांधली गेली आणि त्या जलाशयांत बास नावाचा मासा फोफावला. तो तेथे पोटासाठी कमी आणि हौसेसाठी जास्त धरतात. 1967 मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली. 1972 मध्ये जॉनी मॉरिस यांनी वडिलांच्या दारूच्या दुकानाचा एक कोपरा मागून घेऊन गळ-दोऱ्या विकायला सुरुवात केली. दोन वर्षांत टपालाने माल पाठवायची सूची निघाली, 1978 मध्ये बोट, इंजिन आणि ती ओढायची गाडी असे एकत्र विकायला आले, आणि 2017 मध्ये त्याच बास प्रो शॉप्सने आपला जुना प्रतिस्पर्धी कॅबेलाज विकत घेतला. तिकडे हौशी माणसाच्या खिशातून एक प्रचंड धंदा उभा राहिला. आपल्याकडे धरण आले, नायलॉन आले, पण गिऱ्हाईक तोच भोई राहिला, ज्याला जाळ्यासाठी सरकारी अर्थसाहाय्याची वाट पाहावी लागते.

नावेचेही असेच. लाकडी नाव ठेवायची युक्ती ऐकली तेव्हा आम्ही प्रथम हसलो: उन्हाळ्यात नाव बुडवून ठेवायची! पण कारण पक्के आहे. लाकडातले पाणी सुमारे 30 टक्क्यांच्या खाली गेले की पेशींच्या भिंती आक्रसतात, फळ्या अरुंद होतात आणि सांधे उघडतात. 42-43 अंशांच्या उन्हात महिनाभर काठावर पडलेली नाव जूनमध्ये चाळणी होते. उथळ पाण्यात बुडवून ठेवली की फळ्या फुगलेल्या राहतात. सांध्यात कापूस-सुतळी ठासायची आणि वरून डांबर, हे काम गावच्या सुताराला येई. फायबरच्या नावेला यातले काही लागत नाही. ती तडकली मात्र, तर काचतंतूंचा कपडा, राळ आणि ती घट्ट करणारे रसायन लागते, आणि ते शहरातून आणावे लागते. मग तडकलेली नाव काठावर पडून राहते आणि माणूस ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकतो. आर्किमिडीजचा नियम त्यालाही लागू आहेच, पण ट्यूब उलटली तर पाय जाळ्यात अडकतात.

जुनी सवय नव्या वस्तूला कशी बाधते तेही तेथे दिसले. सुताचे जाळे उन्हात वाळवणे हा धर्म होता. नायलॉनचे जाळेही लोक तसेच कडक उन्हात पसरतात. पण नायलॉन कुजत नसले तरी अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात. म्हणजे सुताला जे औषध तेच नायलॉनला विष. ते सावलीत ठेवायला हवे. जीवाणू आणि ऊन यांतला हा फरक वर्गात सहज दाखवता येतो. सुताचा आणि नायलॉनचा एकेक दोरा ओल्या शेणमातीत पुरा, एकेक खिडकीबाहेर उन्हात बांधा आणि दर आठवड्याला ओढून पाहा. मातीतले सूत लवकर हार मानील. उन्हातल्या नायलॉनसाठी मात्र वर्गाला बराच धीर धरावा लागेल.

आणि जे कुजत नाही ते हरवल्यावरही कुजत नाही. धरणाच्या पोटात बुडालेली झाडे असतात. जाळे त्यांत अडकून तुटले की तो तुकडा तेथे राहतो आणि कोणी काढायला नसताना मासे धरत बसतो. सुताचे जाळे हरवले की पाण्याशी हिशेब मिटत असे.

आता ती पट्टी. विणताना प्रत्येक फेरा पट्टीवरून घेऊन गाठ मारायची. पट्टीच्या रुंदीएवढी आसाची एक बाजू होते. जाळ्याचा आस किती मोठा, यावर मासा किती मोठा अडकणार हे ठरते; रशियन शास्त्रज्ञ बारानोव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे प्रमाण गणिताने मांडले. भोयाला ते बोटांनी माहीत होते: दोन बोटांचा आस, चार बोटांचा आस.

येथे थोडे अंकगणित करू. एक चौरस मीटर जाळ्यात आसाची बाजू 5 सेंटिमीटर धरली तर गाठी 20 गुणिले 20, म्हणजे 400. धागा सुमारे 40 मीटर. बाजू अडीच सेंटिमीटर केली की गाठी 1600 आणि धागा 80 मीटर. आस निम्मा केला तर कष्ट चौपट! हाताने विणणाऱ्याला बारीक आसाचे लांब जाळे परवडतच नव्हते. यंत्राला गाठींचे कष्ट नाहीत, आणि धागा बारीक झाल्याने वजनही फारसे वाढत नाही. तयार जाळे किलोवर मिळते. माशांना मिळणारी जी सवलत कोणी ठरवून दिली नव्हती, ती अशी गेली.

त्याचा हिशेब लांबीच्या घनाने करावा. निम्म्या लांबीचा मासा वजनाला एक-अष्टमांश भरतो. एक किलोच्या कटल्याऐवजी तो निम्म्या लांबीचा असताना धरला तर हाती सव्वाशे ग्रॅम येतात, आणि संस्थेने विकत घेऊन सोडलेली बोटुकली मात्र एक पूर्ण खर्ची पडते. संस्थेच्या सभांत यावरून भांडणे होतात. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे त्याला पुढल्या वर्षीचा किलो सांगणे सोपे नाही, हेही तितकेच खरे.

दुकानही आता दूर गेले आहे. आधी आठवडी बाजारातला सुताचा व्यापारी, मग संस्थेमार्फत येणारा नायलॉनचा धागा, मग शहरातले तयार जाळ्यांचे दुकान, आणि आता घरपोच. यजमानांच्या नातवाने मोबाइलवर मागवलेले एकधागी जाळे आम्ही गेलो त्याच आठवड्यात आले होते. काचेसारखे पारदर्शक, वजनाला हलके, किमतीला स्वस्त. म्हाताऱ्याने पट्टी आणली आणि आसात घालू लागला. ती जाईना. आडवी करून पाहिली, तरी जाईना. नातू म्हणाला, "आबा, दुकानात हेच मिळते."

आबांनी जाळ्याची घडी करून ती कोपऱ्यात ठेवली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यातले निम्मे परसातल्या मिरचीवर पाखरांसाठी टाकलेले होते. उरलेले निम्मे कोठे आहे ते आम्ही विचारले नाही. पट्टी मात्र मोजून घेतली. रुंदी सात सेंटिमीटर भरली.