किचनच्या टेबलावरची बेरीज

गेल्या महिन्यातली गोष्ट. जेवणं आटोपली होती, आणि आमची कन्या (इयत्ता सहावी) गणिताचा गृहपाठ उरकत होती. मधेच मान वर करून म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरला बेरीज कोणी शिकवली?"

मी ऐटीत सुरुवात केली, "अगं, आत प्रोसेसर असतो ना, तो..." आणि गाडी तिथेच अडली. सॉफ्टवेअरमध्ये सतरा वर्षं नोकरी झाली. अधिकचं चिन्ह किती लाख वेळा टाइप केलं असेल, देव जाणे. पण त्या चिन्हाच्या खाली नेमकं काय घडतं, ते सहावीतल्या मुलीला सांगता येईना. इंजिनिअरिंगला हाफ अ‍ॅडर घोकला होता, मार्कही बरे पडले होते. समजला नव्हता, एवढंच. "शनिवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली.

मग शोधाशोध करताना जॉर्ज स्टिबिट्झ भेटले.

१९३७ सालचा नोव्हेंबर महिना. स्टिबिट्झ अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गणितज्ञ होते. कंपनी टेलिफोनवाल्यांची, त्यामुळे रिले हवे तेवढे. रिले म्हणजे वीजेवर चालणारा स्विच. तारेच्या गुंडाळीतून वीज गेली की लोहचुंबक तयार होतं, ते लोखंडी पट्टी ओढतं, आणि 'कट्' असा आवाज होऊन दुसरं सर्किट जोडलं जातं किंवा तुटतं. म्हणजे दोनच अवस्था. स्टिबिट्झना वाटलं, बायनरी आकडेही ० आणि १ असे दोनच, मग जमेल की! दोन रिले घरी आणले, किचनच्या टेबलावर बसले. एक लाकडी फळी, टॉर्चचे दोन बल्ब, बॅटरी आणि तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापून केलेले दोन स्विच. एक स्विच दाबला की एक दिवा. दोन्ही दाबले की तो दिवा विझून दुसरा लागायचा. एक अधिक एक, शून्य आणि हातचा एक. झाली बेरीज! या यंत्राला नाव पडलं 'मॉडेल के'. के म्हणजे किचन.

लॅबमधल्या मंडळींना तेव्हा याची गंमतच जास्त वाटली. पण त्यातूनच पुढे बेल लॅब्जनं चारशेहून अधिक रिलेंचं, कॉम्प्लेक्स संख्यांची गणितं करणारं यंत्र बांधलं. ते १९३९ मध्ये पुरं झालं. सप्टेंबर १९४० मध्ये हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची परिषद भरली होती. तिथे टेलिटाइपवर गणित टाइप केलं की ते तारेवरून न्यूयॉर्कमधल्या यंत्राकडे जायचं आणि उत्तर तारेवरून परत यायचं. म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरवर काम करण्याची सुरुवात तेव्हाची!

असो. शनिवारी बुधवार पेठेत गेलो. एक ब्रेडबोर्ड, ७४एलएस८६ आणि ७४एलएस०८ या दोन चिप, दोन एलईडी, थोडे रेझिस्टर आणि वायरी घेतल्या. (ब्रेडबोर्ड हा शब्दही स्वयंपाकघरातलाच बरं का. पूर्वी अमेरिकेतले हौशी रेडिओवाले पाव कापायच्या फळीवर खिळे ठोकून सर्किट जोडायचे.) पहिल्या चिपमधलं एक्सॉर गेट बेरजेचा अंक देतं, दुसऱ्या चिपमधलं अँड गेट हातचा देतं. स्टिबिट्झचे दोन रिले जे करायचे तेच.

जुन्या मोबाइल चार्जरची ५ व्होल्टची वायर जोडली. अजून एकही स्विच लावला नव्हता, तर हातच्याचा दिवा लागलेला! काहीच न सांगता यंत्र म्हणतंय एक अधिक एक दोन. तासभर वायरी उपटून परत लावल्या. मग लक्षात आलं, या जातीच्या चिपचा पाय मोकळा सोडला तर ती तिथे १ आहे असं धरते. ० हवा असेल तर पाय ग्राउंडला जोडावाच लागतो. 'काही नाही' आणि 'शून्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सतरा वर्षांत कोणी असं हातात दिलं नव्हतं.

आपल्याकडेही हेच झालंय. मुंबईत टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी कॉम्प्युटर बांधायला घेतला, तेव्हा थेट मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र केलं, ते १९५६ मध्ये चाललं. मग सुमारे २७०० व्हॉल्व्हचं मोठं यंत्र उभं राहिलं. ते १९६० पासून कामाला लागलं, आणि १९६२ मध्ये त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण झालं. विकत आणण्यापेक्षा हा रस्ता लांबचा होता, पण त्या वाटेवर माणसं तयार झाली.

हाफ अ‍ॅडर म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, हे मान्य. त्याला स्मृती हवी, घड्याळाचे ठोके हवेत, कोणत्या ठोक्याला काय करायचं हे ठरवणारा कोणीतरी हवा. पण पहिली पायरी तीच.

रविवारी सकाळी कन्येला बोलावलं. तिनं एक स्विच दाबला, मग दुसरा, मग दोन्ही. चार-पाच वेळा करून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे बाबा, त्याला बेरीज येतच नाही. नुसते दिवे लागतात. बेरीज आपल्याला येते."

मी यावर काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी अजून दोन ब्रेडबोर्ड आणायचे आहेत. दोन अंकी बेरीज करायची तर हातचा पुढे न्यायला हवा, असं कन्येचंच म्हणणं आहे.