मुक्त आज्ञावली आणि परवाने

मुक्त आज्ञावली : ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, वाचण्यास, बदलण्यास व पुन्हा वितरित करण्यास परवान्याने सर्वांस मोकळीक दिलेली असते, ती मुक्त आज्ञावली होय. अशी संहिता पुष्कळदा स्वयंसेवक विनामोबदला लिहितात आणि सॉफ्टवेअर कंपन्या तिच्या आधारे विक्रीची उत्पादने तयार करतात. ती विनामूल्य असली, तरी बेवारस नसते. लेखकाचा प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, अबाधित असतो व वापराची मुभा परवान्यातील अटींपुरतीच असते. कंपन्यांपुढील कायदेशीर प्रश्न यातूनच उद्‌भवतात.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प घोषित केला व १९८९ मध्ये त्याचा सर्वसाधारण सार्वजनिक परवाना (जीपीएल) प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुधारित आज्ञावली वितरित करणाऱ्यास तिची मूळ संहिताही त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावी लागते. याउलट एमआयटी, बीएसडी इ. परवान्यांत मुख्यतः प्रताधिकाराचा उल्लेख व परवान्याचा मजकूर राखण्याचीच अट असते. खाजगी आज्ञावलीत जीपीएलखालील भाग मिसळल्यास तीही उघड करावी लागेल, ही कंपन्यांची मुख्य धास्ती होय. वस्तुतः अटभंगाबद्दल वितरणास मनाई व नुकसानभरपाई हेच प्रताधिकार कायद्यातील नेहमीचे उपाय आहेत.

विनामूल्य दिलेल्या संहितेच्या अटी न्यायालयात टिकतील काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. म्यूनिक येथील न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएलच्या अटी ग्राह्य धरल्या. अमेरिकेत खेळण्यातील आगगाड्यांच्या नियंत्रणासाठी स्वयंसेवकांनी लिहिलेल्या संहितेचा भाग एका व्यावसायिकाने लेखकांचा उल्लेख न करता वापरला. या ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ खटल्यात अपील न्यायालयाने २००८ मध्ये असा निर्णय दिला की, पैसे घेतले नसले, तरी अशा अटींचा भंग हा प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो.

मराठीच्या दृष्टीने ‘लोहित’ या देवनागरी टंकाचे, म्हणजे फॉन्टचे, उदाहरण उद्‌बोधक आहे. रेड हॅट कंपनीने लोहित टंकसमूह २००४ मध्ये जीपीएलखाली खुला केला. पुढे तिच्या पुणे येथील अभियंत्यांनी त्याची देखभाल केली. छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या मुद्रकाने असा टंक पुस्तकाच्या संगणकीय प्रतीत अंतर्भूत केल्यास ते पुस्तकही जीपीएलच्या कक्षेत येईल काय, अशी शंका अशा टंकांबाबत उपस्थित होत असे. लोहित २०११ मध्ये मुक्त टंक परवान्याखाली आणण्यात आला. टंक वापरून तयार केलेल्या दस्तऐवजास अट लागू नाही, असे या परवान्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र टंक स्वतंत्रपणे विकण्यास त्यात मनाई आहे.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ यातील साहित्यकृतीच्या व्याख्येत १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीचा समावेश झाला. कलम १७ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, नोकरीच्या ओघात लिहिलेल्या संहितेचा प्रताधिकार मालकाकडे जातो. परिणामी नोकरदार स्वयंसेवकाने दिलेली संहिता त्याची स्वतःची होती काय, हे तपासावे लागते. कलम ३०अ व १९ अन्वये परवान्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे मानली जाते. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत मुदतीचा उल्लेख नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती प्रताधिकाराच्या संपूर्ण कालावधीइतकी सांगितली आहे.

तथापि कायदा अटींचे रक्षण करतो, श्रमाच्या मोबदल्याची हमी देत नाही. २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’मधील आणि २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’मधील गंभीर दोषांमुळे जगभरच्या कंपन्या व शासकीय यंत्रणा अडचणीत आल्या. या दोन्ही आज्ञावल्यांची देखभाल मुख्यतः मोजक्या स्वयंसेवकांवर अवलंबून होती. परवान्याची प्रत्येक अट पाळणाऱ्या कंपनीवरही या व्यक्तींना साहाय्य करण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. अटींचा प्रश्न न्यायालयांनी बऱ्याच अंशी सोडविला असला, तरी सामाईक संहितेच्या देखभालीचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न परवान्यांच्या कक्षेबाहेरच राहिला आहे.